माणसाची अट, यंत्राची भाषा : रोजच्या वाक्यातून बूलियन राशीकडे

हैदराबादमधील हिमायतनगर हे नाव तेलुगू माध्यमातून उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चांगले परिचयाचे आहे. त्यांच्या पाठ्यपुस्तकांवर प्रकाशकाचा जो पत्ता छापलेला असतो, तो या भागाचा. १९६८ साली स्थापन झालेल्या तेलुगू अकादमीने विज्ञान, गणित, अर्थशास्त्र असे विषय तेलुगूत आणण्याचे कार्य केले. अकादमीचे संस्थापक अध्यक्ष होते पी. व्ही. नरसिंह राव. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नागपुरात शिकलेल्या रावांना मराठी उत्तम अवगत होती. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी 'अबला जीवितम्' या नावाने तेलुगूत नेली. उतारवयात ते संगणकाकडे वळले आणि कोबोल, बेसिक या आज्ञाभाषा शिकून स्वतः आज्ञावली लिहू लागले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

एकाच व्यक्तीत अनुवादक, कायद्याचा अभ्यासक आणि आज्ञावलीकार एकत्र यावेत, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. तिन्ही कामांच्या मुळाशी एकच कौशल्य आहे : वाक्यातील शब्द न उचलता त्यातील अर्थ उचलणे. रोजच्या भाषेतील अट संगणकाला समजेल अशा 'बूलियन राशी'त मांडणे हाही एक अनुवादच आहे. तो चुकला तर कादंबरीप्रमाणे केवळ रसभंग होत नाही. शिधापत्रिका रद्द होते, प्रवेश नाकारला जातो, निवृत्तिवेतन थांबते. आज शासनाचे बहुतेक अर्ज प्रथम संगणक तपासतो. म्हणूनच हा विषय आज्ञावलीकारांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

बूलियन राशी म्हणजे काय?

ज्या विधानाचे उत्तर 'खरे' किंवा 'खोटे' या दोहोंपैकी एकच असू शकते, त्या विधानांच्या जोडणीला बूलियन राशी म्हणतात. 'वय १८ किंवा अधिक आहे' हे एक विधान. 'नाव मतदारयादीत आहे' हे दुसरे. त्यांना जोडणारी साधने मूलतः तीन आहेत. 'आणि'ने जोडलेली राशी दोन्ही विधाने खरी असतील तेव्हाच खरी ठरते. 'किंवा'ने जोडलेली राशी निदान एक विधान खरे असले की खरी ठरते. 'नाही' हे खऱ्याचे खोटे आणि खोट्याचे खरे करते.

हे नाव इंग्रज गणिती जॉर्ज बूल (१८१५–१८६४) यांच्यावरून पडले. तर्काचे नियम बीजगणिताप्रमाणे चिन्हांत मांडता येतात, हे त्यांनी १८४७ आणि १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून दाखवले. याच काळात या विषयाची पायाभरणी करणारे दुसरे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली भारतातच, मदुराई येथे झाला होता. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात विजेच्या मंडलांतील चालू-बंद कळा आणि बूलचे बीजगणित यांची सांगड घातली. आजच्या प्रत्येक संगणकाचे आणि भ्रमणध्वनीचे काम याच सांगडीवर चालते.

'आणि' जेव्हा 'किंवा' असतो

अनुवादातील पहिला सापळा सर्वांत साध्या शब्दात आहे. 'विधवा आणि दिव्यांग यांना शुल्कात सवलत' ही सूचना वाचून कोणीही गोंधळत नाही. विधवांना सवलत आहे, दिव्यांगांनाही आहे. मात्र वाक्यातील 'आणि' जसाच्या तसा उचलला तर राशी होते :

विधवा आणि दिव्यांग

संगणक एका वेळी एकाच व्यक्तीचा अर्ज पाहतो. ही राशी त्याला सांगते की व्यक्ती विधवाही असली पाहिजे आणि दिव्यांगही. सवलतीस पात्र असलेले बहुसंख्य अर्जदार येथेच बाद होतात. मूळ वाक्यातील 'आणि' दोन समूह जोडतो, तर राशीतील 'आणि' एकाच व्यक्तीचे दोन गुण जोडतो. समूहांची बेरीज व्यक्तीच्या पातळीवर 'किंवा' होते. म्हणून योग्य राशी 'विधवा किंवा दिव्यांग' अशी आहे.

'किंवा'चाही स्वभाव सरळ नाही. 'आधार किंवा मतदार ओळखपत्र जोडावे' या सूचनेत दोन्ही जोडणाऱ्याचा अर्ज फेटाळला जाणे अपेक्षित नसते. परंतु 'भोजनभत्ता किंवा भोजन मिळेल' यात दोन्ही मिळणार नाहीत, हे गृहीत असते. मराठीत प्रश्न विचारताना 'की' आणि 'किंवा' असा सूक्ष्म भेद आहे. 'चहा घेणार की कॉफी?' यात एकाची निवड अभिप्रेत असते, तर 'चहा किंवा कॉफी घेणार?' याचे उत्तर नुसते 'हो' असेही असू शकते. विधानवाक्यात हा भेद नाहीसा होतो. संगणकाचा 'किंवा' नेहमी दोन्ही चालवून घेणारा असतो. एकच हवे असेल तर 'अ किंवा आ, परंतु दोन्ही नाही' असे स्वतंत्रपणे लिहावे लागते.

'नाही' कोठे लागतो?

'सर्व कागदपत्रे जोडलेली नाहीत' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एकही कागद जोडलेला नाही, हा एक आणि काही राहिले आहेत, हा दुसरा. बोलणाऱ्याच्या स्वरावरून अर्थ उमगतो. लेखी नियमाला मात्र स्वर नसतो.

येथे डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखले जाणारे दोन नियम उपयोगी पडतात. 'अ आणि आ' यांचा नकार म्हणजे 'अ नाही किंवा आ नाही'. 'अ किंवा आ' यांचा नकार म्हणजे 'अ नाही आणि आ नाही'. नकार कंसात शिरताना आतला जोडशब्द बदलतो. 'जन्मदाखला आणि रहिवासी दाखला दोन्ही असतील तर अर्ज स्वीकारावा' या नियमाचा उलट भाग 'दोहोंपैकी एक जरी नसेल तरी अर्ज परत करावा' असा होतो. तो 'दोन्ही नसतील तर परत करावा' असा लिहिला, तर एकच दाखला असलेला अर्जदार ना स्वीकारात बसतो, ना नकारात. त्याचा अर्ज अधांतरी राहतो.

मराठीतील 'शिवाय' हा शब्द या बाबतीत विशेष जपून वापरावा लागतो. 'पासशिवाय प्रवेश नाही' येथे तो 'वाचून' या अर्थी येतो, तर 'रहिवासी दाखला हवा, शिवाय उत्पन्नाचा दाखलाही हवा' येथे 'आणखी' या अर्थी. पहिल्यात तो नकार आहे, दुसऱ्यात 'आणि' आहे.

'तर' आणि 'तरच'

'१८ वर्षे पूर्ण झाली तर मतदान करता येते' असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात वय ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही. भारताचे नागरिकत्व हवे, मतदारयादीत नाव हवे आणि कायद्याने अपात्र ठरवलेले नसावे. म्हणून खरे वाक्य '१८ वर्षे पूर्ण झाली तरच मतदान करता येते' असे आहे. केवळ एका 'च'ने अटीची दिशा बदलते. 'तर' लिहिले की उरलेल्या अटी गळतात आणि राशी नको त्यांनाही आत घेते.

सीमारेषेवरही असाच गोंधळ होतो. '६० वर्षांवरील नागरिक' यात साठावे वर्ष नुकतेच पूर्ण केलेली व्यक्ती येते की नाही? 'उत्पन्न दोन लाखांपर्यंत' यात नेमके दोन लाख धरायचे की नाहीत? '१५ तारखेच्या आत' म्हणजे १५ तारीख धरून की सोडून? संगणकासाठी '>' आणि '≥' ही दोन वेगळी चिन्हे आहेत. त्यांतील एक निवडावेच लागते. नियम लिहिणाऱ्याने निवड केली नसेल, तर ती आज्ञावलीकाराच्या हातून, बहुधा नकळत, होते.

कंसाचे मोल

'महिला किंवा ज्येष्ठ नागरिक आणि राज्याचे रहिवासी यांना तिकिटात सवलत' असा एक काल्पनिक नियम घेऊ. बहुतेक वाचकांच्या मते रहिवासाची अट महिलांनाही लागू आहे. परंतु सी, जावा, पायथॉन यांसारख्या प्रचलित आज्ञाभाषांत प्रथम 'नाही', मग 'आणि' आणि शेवटी 'किंवा' सोडवला जातो. गणितात बेरजेआधी गुणाकार करतात, तसाच हा संकेत आहे. त्यामुळे संगणक वरील नियम असा वाचतो :

महिला किंवा (ज्येष्ठ आणि रहिवासी)

म्हणजे परराज्यातील कोणत्याही महिलेला सवलत मिळते. अपेक्षित अर्थासाठी कंस हलवावा लागतो :

(महिला किंवा ज्येष्ठ) आणि रहिवासी

नवशिक्यांची आणखी एक चूक सरळ भाषेतूनच उगम पावते. 'रंग लाल किंवा हिरवा असेल तर' हे वाक्य तसेच उतरवून 'रंग == "लाल" किंवा "हिरवा"' असे लिहिले जाते. पायथॉनमध्ये यातील दुसरा भाग 'रंग हिरवा आहे का?' असे विचारतच नाही. 'हिरवा' हा नुसता शब्द तेथे उरतो आणि रिकामा नसलेला शब्द ही भाषा 'खरे' मानते. परिणामी रंग निळा असला तरी अट पूर्ण होते. माणूस दुसऱ्या वेळी कर्ता गाळतो आणि ऐकणारा तो भरून घेतो. संगणकासाठी मात्र 'रंग == "लाल" किंवा रंग == "हिरवा"' असे संपूर्ण लिहावे लागते.

तारवट्यांचा प्रश्न आणि शोषणाचा नियम

गोमंतकातील अनेक कुटुंबांचा ज्या अटीशी दरवर्षी संबंध येतो, ती आयकराच्या रहिवासाची. १९६१ च्या आयकर कायद्याने घालून दिलेली मूळ कसोटी अशी : व्यक्ती त्या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असेल, अथवा त्या वर्षात ६० किंवा अधिक दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस भारतात असेल, तर ती निवासी.

(दिवस ≥ १८२) किंवा (दिवस ≥ ६० आणि मागील चार वर्षे ≥ ३६५)

भारतीय जहाजावरील कर्मचारी म्हणून किंवा परदेशी नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र त्या वर्षापुरते '६०'च्या जागी '१८२' वाचावे, असे स्पष्टीकरण कायद्यात आहे. ते राशीत घातले की दिसते :

(दिवस ≥ १८२) किंवा (दिवस ≥ १८२ आणि मागील चार वर्षे ≥ ३६५)

कंसातील दुसरा भाग खरा असेल तेव्हा पहिला भाग आधीच खरा असतो. म्हणून दुसरा भाग निरर्थक होतो आणि संपूर्ण राशी 'दिवस ≥ १८२' एवढीच उरते. बूलियन बीजगणितात याला शोषणाचा नियम म्हणतात. कायद्यातील लांबलचक वाक्य वाचून धास्तावलेल्या तारवट्यापुढे शेवटी प्रश्न एकच उरतो : त्या वर्षी भारतात किती दिवस झाले? अधिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी व परदेशातून भेटीस येणाऱ्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत आणि दिवस मोजण्याचेही नियम आहेत. म्हणून प्रत्यक्ष निर्णय जाणकाराच्या सल्ल्यानेच घ्यावा. तरीही अटीचा सांगाडा असा उघडा करून पाहिला की सल्लागाराला नेमके काय विचारायचे, ते कळते.

हाच नियम गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यालाही लावून पाहता येतो. देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषा ठरवतानाच 'सर्व किंवा कोणत्याही' शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर होईल, अशी तरतूद त्यात आहे. सर्व कामांत वापर झाला तर कोणत्याही एका कामात तो झालेलाच असतो. म्हणून निव्वळ तर्काच्या दृष्टीने 'सर्व किंवा कोणत्याही' याचे रूपांतर 'निदान एका' असे होते. कायद्याचा अभ्यासक मात्र त्याच शब्दांत वापराची व्याप्ती ठरवण्याची मोकळीक पाहतो. राशी भाषेतील संदिग्धता उघड करते, पण तिचा निवाडा करत नाही. तो निवाडा माणसांनीच करायचा असतो.

हिमायतनगरातील कुटुंब पात्र की अपात्र?

२०१४ साली तेलंगण राज्य अस्तित्वात आल्यावर तेथील अन्नसुरक्षा कार्डासाठी उत्पन्नाच्या मर्यादा ठरल्या. ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक दीड लाख आणि शहरी कुटुंबासाठी दोन लाख रुपये. जमिनीची मर्यादा ओलिताखाली साडेतीन एकर आणि कोरडवाहू साडेसात एकर अशी. उत्पन्नाचा भाग राशीत असा येतो :

(ग्रामीण आणि उत्पन्न ≤ १,५०,०००) किंवा (शहरी आणि उत्पन्न ≤ २,००,०००)

हिमायतनगर हा महानगरातील भाग असल्याने तेथील कुटुंबाला दुसरा कंस लागू होतो. 'ग्रामीण' आणि 'शहरी' ही विधाने गाळून केवळ दोन मर्यादा 'किंवा'ने जोडल्या, तर मोठी मर्यादा लहानीला गिळते आणि सर्वांनाच दोन लाखांची मर्यादा लागू होते. जमिनीच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड आहे. तीन एकर ओलिताची आणि सात एकर कोरडवाहू जमीन असलेले कुटुंब दोन्ही मर्यादांच्या आत आहे. पण दोन्ही जमिनी मिळून हिशेब धरायचा असेल तर ते बाहेर जाऊ शकते. 'साडेतीन एकर ओलिताची आणि साडेसात एकर कोरडवाहू' या शब्दांवरून हे ठरत नाही. राशी लिहिणाऱ्याने नियम करणाऱ्याला येथे विचारलेच पाहिजे.

तेलंगणात २०१६ पासून संगणकीय पडताळणीच्या आधारे सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष घरोघरी जाऊन पडताळणी करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्या पडताळणीत हजारो कुटुंबे चुकीने वगळली गेल्याचे निष्पन्न झाले. निरनिराळ्या खात्यांकडील नोंदी एकत्र जोडणारी 'समग्र वेदिका' ही राज्याची प्रणाली त्यानंतर विशेष चर्चेत आली.

या प्रकरणाचा धडा राशीच्या पलीकडचा आहे. 'चारचाकी वाहन असेल तर अपात्र' ही राशी बीजगणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु 'या कुटुंबाकडे चारचाकी आहे' हे विधान खरे आहे, असे संगणकाने कशावरून ठरवले? नाव आणि पत्ता यांच्या साधर्म्यावरून दोन नोंदी एकाच माणसाच्या मानल्या, तर तो अंदाज असतो. राशीत शिरताच तो 'खरे' होतो आणि त्यामागचा संशय पुसला जातो. सारख्या नावांच्या आपल्या देशात हा धोका लहान नाही.

'माहीत नाही' हे तिसरे उत्तर

बूलच्या जगात उत्तरे दोनच, पण कार्यालयातील नोंदवहीत रिकामा रकाना हे तिसरे उत्तर असते. माहितीसाठ्यांची प्रचलित भाषा एसक्यूएल अशा रकान्याला वेगळे स्थान देते. उत्पन्नाचा रकाना रिकामा असेल तर 'उत्पन्न ≤ २,००,०००' याचे उत्तर खरेही येत नाही आणि खोटेही येत नाही. ते 'अज्ञात' येते. त्याला 'नाही' लावले तरी उत्तर अज्ञातच राहते. परिणामी अशी व्यक्ती पात्रांच्या यादीत येत नाही आणि अपात्रांच्या यादीतही येत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण अर्जांशी जुळत नसेल, तर दोष बहुधा येथे असतो.

अट तपासण्याची रीत

अनुवाद नीट झाला का, हे पाहण्याचे जुने आणि खात्रीचे साधन म्हणजे सत्यता कोष्टक. दोन विधाने असतील तर खरे-खोटेपणाच्या चार शक्यता होतात, तीन असतील तर आठ, दहा असतील तर १,०२४. प्रत्येक ओळीसमोर राशीचे उत्तर लिहावे आणि नियम करणाऱ्याला विचारावे : अशा माणसाला तुम्ही लाभ द्याल का? माणूस राशी वाचून क्वचितच चूक पकडतो, पण ठोस उदाहरण पाहिले की लगेच म्हणतो, 'नाही, असे अभिप्रेत नव्हते.'

ओळी फार झाल्यास सीमारेषेवरची उदाहरणे निवडावीत. नेमके १८२ दिवस, नेमके दोन लाख, आजच साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती, रिकामा रकाना. अवघड राशीचे तुकडे करून प्रत्येकाला अर्थपूर्ण नाव द्यावे. पायथॉनच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावे देवनागरीतही देता येतात. 'उत्पन्न_मर्यादेत', 'शहरी_कुटुंब' अशी नावे दिली की आज्ञावली न येणारा अधिकारीही ती वाचून दोष दाखवू शकतो. शेवटी तयार राशी पुन्हा साध्या मराठीत लिहावी आणि मूळ नियमाशेजारी ठेवावी. दोन वाक्यांत जेथे अंतर पडेल, तेथे अनुवाद चुकला असे समजावे.

अर्ज फेटाळल्या गेलेल्या नागरिकालाही या ज्ञानाचा उपयोग आहे. 'संगणकात बसत नाही' हे कारण पुरेसे नसते. कोणती अट खोटी ठरली, ती कोणत्या नोंदीवरून ठरली आणि ती नोंद आपलीच आहे का, हे तीन प्रश्न त्याने विचारले पाहिजेत. तिन्हींची उत्तरे कार्यालयाकडे असणे अपेक्षित आहे. संगणकाने दिलेला नकार हा शेवटी कोणीतरी लिहिलेल्या एका वाक्याचाच परिणाम असतो, आणि ते वाक्य दुरुस्त करता येते.